वर्गणी सगळ्यांची, खर्च मात्र स्वतःपुरता?

स्वच्छ ऊर्जेसाठी पैसा उभा करण्याची एक सोपी पद्धत जगभर रूढ आहे. प्रत्येक ग्राहकाच्या वीजबिलावर छोटा अधिभार लावायचा, तो एका निधीत जमा करायचा आणि त्यातून ऊर्जा बचतीची, सौर-पवन ऊर्जेची कामे करायची. ही पद्धत जिथे जिथे आली, तिथे काही वर्षांत मोठ्या उद्योगांची एक मागणीही आली: 'आमच्या बिलातून जाणारा अधिभार आमच्याकडेच राहू द्या. आमच्या कारखान्यात कुठे वीज वाया जाते हे आम्हालाच चांगले कळते. आम्हीच तो खर्च करू आणि हिशोब देऊ.'

ऐकायला हे रास्त वाटते. मलाही ही मागणी सरसकट फेटाळावी असे वाटत नाही. पण ती मान्य करताना एक गोष्ट स्पष्ट हवी. अधिभार हा त्या कंपनीचा पैसा नाही, तो सार्वजनिक पैसा आहे. कंपनीला फार तर तो खर्च करण्याचे काम देता येईल, त्याची मालकी नाही.

या कल्पनेचा सर्वांत अभ्यासण्याजोगा नमुना अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आहे. आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना हे राज्य नावाने नाही तरी कामाने माहीत असते. पुण्यात किंवा मुंबईत बसून आपण ज्या क्लाउडच्या 'यूएस-वेस्ट-२' विभागात कोड चढवतो, ती डेटा सेंटर्स ओरेगॉनमध्ये आहेत.

ओरेगॉनने १९९९ मध्ये कायदा केला आणि मार्च २००२ पासून दोन मोठ्या खासगी वीज कंपन्यांच्या ग्राहकांवर ३ टक्क्यांचा 'सार्वजनिक हेतू अधिभार' सुरू झाला. पैशाची वाटणी कायद्यातच लिहिली होती. १० टक्के सरकारी शाळांच्या इमारतींतील ऊर्जा बचतीसाठी. उरलेल्या रकमेपैकी ६३ टक्के ऊर्जा बचतीसाठी, १९ टक्के नव्या अक्षय ऊर्जेसाठी, १३ टक्के गरीब कुटुंबांची घरे थंडीवाऱ्यापासून नीट बंदिस्त करण्यासाठी आणि ५ टक्के गरिबांच्या घरबांधणीसाठी. बचत आणि अक्षय ऊर्जेचे मुख्य काम 'एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगॉन' या ना-नफा संस्थेकडे दिले गेले.

त्याच कायद्यात मोठ्या ग्राहकांसाठी वेगळी वाट होती. एखाद्या जागेचा वीजवापर वर्षभर सरासरी एक मेगावॅटपेक्षा जास्त, म्हणजे वर्षाला ८७ लाख ६० हजार युनिटांहून अधिक असेल, तर त्या ग्राहकाला स्वतःच्या आवारात प्रकल्प करून त्या खर्चाइतकी सूट अधिभारातून घेता येत असे. यालाच तिकडे 'सेल्फ-डायरेक्ट' म्हणतात. पण प्रकल्पाला राज्याच्या ऊर्जा विभागाची मान्यता लागे. सूट मिळे ती फक्त ऊर्जा बचत आणि नवी अक्षय ऊर्जा या दोन कामांपोटी, तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. संपूर्ण अधिभार परत मिळत नसे.

आता मोठ्या उद्योगांची बाजू प्रामाणिकपणे पाहू. त्यांचा पहिला मुद्दा तांत्रिक आहे आणि तो खरा आहे. पोलाद भट्टी, कागद गिरणी किंवा डेटा सेंटर यांच्यासाठी सरकारी कार्यालयात बसून एकसाची योजना आखता येत नाही. कॉम्प्रेसर कुठे गळतो, शीतकरणावर किती वीज जाते, हे तिथल्या अभियंत्यालाच माहीत असते.

दुसरा मुद्दा विश्वासाचा आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या देशातच आहे. जुलै २०१० पासून भारताने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यापैकी निधीत २९,६४५ कोटी गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर १५,९११ कोटी खर्च झाले. म्हणजे शंभरातले जेमतेम १८ रुपये. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळवण्यात आला. नाव स्वच्छ ऊर्जेचे आणि पैसा भलतीकडेच, असे होत असेल तर उद्योग 'आमचे आम्हालाच द्या' म्हणणारच. त्यांना नुसते लोभी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

तरीही या मागणीत तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण साधी आहे. समजा, सोसायटीतला सर्वांत मोठ्या फ्लॅटचा मालक म्हणाला, 'दुरुस्ती निधीतला माझा वाटा मी माझ्याच फ्लॅटला रंग द्यायला वापरतो. शेवटी इमारत तीच आहे ना?' रंग लागेल, फ्लॅट चांगला दिसेल. पण गळणारी टाकी आणि बंद पडलेली लिफ्ट कोण दुरुस्त करणार? सामायिक निधीचा अर्थच असा, की ज्याच्याकडे पैसा आहे तिथून घ्यायचा आणि जिथे गरज आहे तिथे लावायचा. स्वतःचा वाटा स्वतःवर खर्च करण्याची मुभा सर्वांत मोठ्या देणेकऱ्यांना मिळाली, की निधीत उरते ती लहानांची वर्गणी.

दुसरी अडचण हिशोबाची आहे. समजा, एखाद्या कंपनीने जुन्या मोटरी बदलल्या आणि दोन वर्षांत वीजबचतीतून खर्च वसूल झाला. हे काम नफ्यासाठी तिने तसेही केलेच असते. मग अधिभाराच्या पैशातून नवीन काय घडले? काहीच नाही. फक्त कंपनीचा खर्च लोकांच्या नावावर गेला. म्हणून 'काय केले' यापेक्षा 'या पैशाशिवाय हे झाले नसते का' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर कंपनीने स्वतः देऊन चालणार नाही. आमच्या क्षेत्रात स्वतः लिहिलेला कोड स्वतःच तपासून मंजूर करता येत नाही. कारण माणूस खोटारडा असतो असे नाही, तर स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

तिसरी अडचण उंबरठ्याची आहे. सरासरी एक मेगावॅट म्हणजे किती, हे भिवंडी-मालेगावच्या भाषेत सांगतो. साध्या यंत्रमागाची मोटर साधारण एक अश्वशक्तीची धरली, तर असे सुमारे १,३०० माग वर्षभर, रात्रंदिवस, पूर्ण भाराने चालले पाहिजेत. २४ माग असलेला कारखानदार त्या उंबरठ्याच्या आसपासही फिरकू शकत नाही. जुनी मोटर बदलायची गरज त्याला जास्त, कर्ज मिळण्याची शक्यता कमी, आणि पदरी अभियंता नाही. सामायिक निधी असतो तो अशांसाठी.

ओरेगॉनलाही हे पुढे उमगत गेले. २००७ च्या कायद्याने वीज कंपन्यांना ऊर्जा बचतीसाठी जादा रक्कम वसूल करण्याची परवानगी दिली आणि त्यातून मोठ्या ग्राहकांना वगळले. पण सोबत अट घातली, की जे भरणार नाहीत त्यांना त्या जादा पैशाचा थेट लाभही मिळणार नाही. २०२१ मध्ये कायदा पुन्हा बदलला. २०२२ पासून अधिभार दीड टक्क्यावर आला, ऊर्जा बचतीचा खर्च सरळ वीजदरात गेला आणि अक्षय ऊर्जेच्या पैशातला किमान चौथा हिस्सा कमी व मध्यम उत्पन्नाच्या ग्राहकांसाठी राखून ठेवला गेला. २०२५ मध्ये तर २० मेगावॅटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या डेटा सेंटरसारख्या ग्राहकांसाठी वेगळा दरवर्ग करण्याचा कायदा झाला, म्हणजे त्यांच्यासाठी उभारलेल्या यंत्रणेचा बोजा घरगुती ग्राहकांवर पडू नये.

महाराष्ट्रात हा प्रश्न याच नावाने अजून आलेला नाही, पण त्याची सावली आली आहे. वीज कायदा २००३ नुसार स्वतःच्या वापरासाठी स्वतःचा प्रकल्प उभारणाऱ्या उद्योगाला क्रॉस-सबसिडी अधिभार द्यावा लागत नाही. हा अधिभार म्हणजे मोठ्या ग्राहकाने वितरण कंपनी सोडताना लहान ग्राहकांच्या स्वस्त विजेसाठी द्यायचा वाटा. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी खुल्या बाजारातून वीज घेण्याची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. यातून सौर आणि पवन ऊर्जा वाढते, हे चांगलेच आहे. पण मोठे ग्राहक बाहेर पडले, की मागे राहिलेल्यांच्या बिलाचे काय, हा प्रश्न उरतो. नवी मुंबईत डेटा सेंटर्स वाढत आहेत, तसा तो आणखी मोठा होईल.

उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि ती कुठे करायची हे कंपनीच ठरवते. पण नियम सांगतो, की फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम त्यात धरले जाणार नाही. खर्चाचे स्वातंत्र्य आहे, पण स्वतःवर खर्च करण्याचे नाही. मोजमापाची व्यवस्थाही आपल्याकडे आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 'पॅट' योजनेत २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या उद्योगांना ऊर्जा बचतीची उद्दिष्टे दिली होती आणि त्यांची तपासणी मान्यताप्राप्त लेखापरीक्षकांकडून झाली.

म्हणून उद्या महाराष्ट्रात अशी मागणी पुढे आली, तर ती चार अटींवरच मान्य व्हावी. एक, अधिभाराचा ठरावीक हिस्सा कुणालाही सूट न देता सामायिक निधीतच राहावा आणि त्यातून लघुउद्योग, शाळा व गरीब वस्त्यांची कामे व्हावीत. दोन, कंपनीने निवडलेल्या प्रकल्पाची तपासणी तिने न नेमलेल्या लेखापरीक्षकाने करावी. तीन, प्रत्येक प्रकल्पाचा खर्च आणि वाचलेली युनिट्स कुणालाही वाचता येतील अशी प्रसिद्ध व्हावीत. चार, दोन वर्षांत न वापरलेला पैसा आपोआप निधीत परत जावा. आणि हीच पारदर्शकता सरकारच्या निधीलाही लागू हवी, नाहीतर कोळसा उपकराचीच पुनरावृत्ती होईल.

हे सगळे ठरते कुठे? वीजदराच्या प्रस्तावावर महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. कोणताही नागरिक त्या देऊ शकतो. मोठे उद्योग तिथे वकील आणि सल्लागार घेऊन येतात. यंत्रमागवाला क्वचितच येतो, कारण शेकडो पानांचा प्रस्ताव वाचायला त्याला वेळ नसतो. आपल्यात मात्र अभियंते आहेत, सीए आहेत, दिवसभर एक्सेलमध्ये डोके घालून बसणारे आहेत. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा आपल्या गावातल्या दोन-चार कारखानदारांची बिले घेऊन बसा, आकडे मांडा आणि हरकत दाखल करा. नागरिक म्हणून आपला हक्क तिथेही आहे, आणि तिथली खुर्ची बराच काळ रिकामी आहे.