पद्मिनीचा गंज आणि चोरवाटेनं येणारं पाणी

बालमित्रांनो, तुमची पत्र्याची कंपासपेटी जरा हातात घ्या. गंज आधी कुठे लागलाय? झाकणाच्या मधोमध, की बिजागरीपाशी? बहुतेकांचं उत्तर 'बिजागरीपाशी' असंच येईल. झाकणाचा मधला भाग हातानं पुसला जातो, वाऱ्यानं सुकतो. बिजागरीच्या फटीत शिरलेलं पाणी मात्र तिथेच बसून राहतं. आज आपण एका जुन्या मोटारीची दुरुस्ती समजून घेणार आहोत. ती सगळी या एका गोष्टीवर उभी आहे.

ही मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आजोबांना विचारलंत, तर ते तिला 'फियाट'च म्हणतील. त्यांचंही बरोबर आहे, कारण इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरूनच ती घडली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ साली मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. घरच्या गाड्या म्हणून मात्र काही पद्मिनी अजून जपल्या जातात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ट्रकला खाली जाड लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर केबिन बसवलेली असते. पद्मिनीला असा वेगळा सांगाडा नाही. तिचा तळ, खांब, छप्पर असे सगळे पत्रे एकमेकांना जोडून जी पेटी होते, तोच तिचा सांगाडा. म्हणून तळाचा पत्रा सडला, तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणाच पोखरला जातो. त्याच पत्र्यावर सीट असते आणि सीटवर आपण असतो!

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. मिठानं त्याला जोर चढतो, म्हणून समुद्राकाठच्या गाड्या लवकर सडतात. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ तुम्ही पाहिली असेल. औरंगजेबाच्या काळापासून ती ऊनपाऊस सोसते आहे, पण ती पंचधातूची. तांब्याच्या मिश्रधातूवर जो थर चढतो, तो घट्ट चिकटून आतला धातू राखतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत. तो फुगतो, रंगाला फोड आणतो, पापुद्रे होऊन गळतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. म्हणून गंज एकदा लागला की आपणहून थांबत नाही.

तुम्ही म्हणाल, छत्रपती संभाजीनगरला समुद्र कुठे आहे? समुद्र नाही, पण धूळ आहे आणि कडुनिंबाचा पाला आहे. गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. धुळीचा चिखल झाला की ती भोकं बुजतात आणि दाराचा होतो हौद! पुढच्या काचेच्या खालच्या खाचेत पाला कुजतो, तिथेही ओल धरते. काचेभोवतीचं रबर उन्हानं कडक होऊन तडकलं, की पावसाचं पाणी हळूच आत उतरतं आणि पायाखालच्या गालिच्यात मुरतं. वरून गालिचा कोरडा दिसतो. खाली पत्रा महिनाभर भिजत पडतो.

म्हणून चांगला कारागीर आधी गंजाला हात लावत नाही. तो आधी पाण्याची वाट शोधतो. गालिचा काढून गाडी वाळवतात. एकजण टॉर्च घेऊन आत बसतो, दुसरा बाहेरून नळीनं पाणी सोडतो. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. एकदम छपरावर ओतलं तर कुठून आलं ते कळणारच नाही. आत थेंब दिसला की तिथे खडूची खूण. मग रबर बदलायचं, भोकं मोकळी करायची.

त्यानंतर गंजाची पाळी. सडलेला पत्रा चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढतात. तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनं जोडतात. दोन्ही बाजूंना प्रायमर देतात, सांधे सीलरनं बुजवतात आणि मग रंग. हे काम गॅरेजमधल्या जाणत्या माणसाचंच हं! वेल्डिंगची ठिणगी आणि पेट्रोलची टाकी यांचं जमत नाही.

काहीजण भोकावर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग फासतात. गाडी नव्यासारखी दिसते, पण आत गंज चालूच राहतो. दोनेक पावसाळ्यांत तोच फोड पुन्हा वर येतो. ही लबाडी कशी ओळखायची? एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून गाडीच्या पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरेनासा होईल, तिथे रंगाखाली जाड लांबी आहे असं समजा. अर्थात, आधी मोठ्यांना विचारून बरं का!

हा खटाटोप कशासाठी? २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. १९७४ च्या पद्मिनीला २०२४ मध्ये पन्नास वर्षं झाली. तिची मूळ पेटी सडून गेली, तर उरणार काय?

करून पाहा : चार सारखे खिळे आणि चार वाट्या घ्या. पहिल्या वाटीत कोरडा खिळा, दुसरीत थोड्या पाण्यात अर्धा बुडालेला, तिसरीत तसाच मिठाच्या पाण्यात आणि चौथीत तेल चोळून साध्या पाण्यात. रोज एकदा बघा आणि आठवडाभर वहीत नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला? आणि गंज कुठून सुरू झाला? निरीक्षणं पत्रानं जरूर कळवा. आणि हो, कंपासपेटीची बिजागरी आजच कोरडी करून तिला तेलाचा एक थेंब द्या!