पर्सिव्हल गप्प का बसला?



आर्थर राजा म्हटलं की आपल्याला आठवते दगडातली तलवार, गोलमेज आणि लांब दाढीवाला मर्लिन. पण या कथा जरा निवांत वाचल्या की एक गंमत लक्षात येते. कोणाला काय व्हावंसं वाटतं, हे बरंचसं त्याला कोणी आणि कसं शिकवलं यावर ठरतं.

पर्सिव्हलचंच बघा. बाराव्या शतकाच्या अखेरीस क्रेतियाँ द त्रवा या फ्रेंच कवीने त्याची गोष्ट लिहिली. नाइट लोकांच्या त्या जगापायी नवरा आणि दोन मुलगे गमावलेली आई या धाकट्याला रानात वाढवते. 'नाइट' हा शब्दसुद्धा त्याच्या कानावर पडू देत नाही. एक दिवस चिलखत घातलेले पाच नाइट समोर येतात आणि पोराला वाटतं, हे तर देवदूत! झालं, आता एकच ध्यास. आईने जे दडवलं, तेच व्हायचं.

पुढे गोर्नमान नावाचा मुरलेला नाइट भेटतो. भाला, ढाल, घोडा, सगळं शिकवतो. वर सल्ला देतो की फार बोलू नकोस, आणि ते 'आईने सांगितलंय' सारखं म्हणणं बंद कर. सल्ला वाईट नव्हता, पोरगा बडबड्याच होता. पण आपल्या भाषेत सांगायचं तर रूल दिला, एक्सेप्शन दिलं नाही! मग एका जखमी राजाच्या वाड्यात पर्सिव्हलसमोरून रक्त ठिबकणारा भाला जातो, पाठोपाठ झळाळतं ग्रेल, म्हणजे रत्नजडित पात्र. हे काय, कोणासाठी, असं ओठावर येतं, पण गुरूचा शब्द आठवून तो गप्प. सकाळी वाडा रिकामा. नंतर कळतं, नुसतं विचारलं असतं तरी राजा बरा झाला असता. त्यानंतर पर्सिव्हलची महत्त्वाकांक्षाच बदलते. उत्तर मिळेपर्यंत एका ठिकाणी दोन रात्री मुक्काम नाही, अशी शपथ घेतो.

याच्या अगदी उलट टी. एच. व्हाइटचा मर्लिन. व्हाइट स्वतः इंग्लंडमधल्या स्टो शाळेत मास्तर होता. ती नोकरी सोडल्यावर १९३८ साली त्याचं 'द सोर्ड इन द स्टोन' आलं. त्यातला मर्लिन छोट्या आर्थरला 'तू राजा होणार' हे सांगतच नाही. त्याला मासा करून किल्ल्याच्या खंदकात सोडतो. तिथला दांडगा पाइक मासा 'ताकद हेच खरं' असं ऐकवतो आणि वर त्यालाच गिळायला बघतो. पुढे हाच आर्थर ताकद न्यायाच्या कामी लावायची म्हणून गोलमेज उभं करतो. मला त्याचं मूळ त्या खंदकात दिसतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत गोर्नमानच भेटले. 'उलट प्रश्न विचारू नको' ऐकत पहिले नंबर काढले, इथवर आलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिझाइनमधलं भोक सगळ्यांना दिसत असतं, शेवटी 'एनी क्वेश्चन्स?' येतं आणि आपली मंडळी शांत. सीनियरला कसं विचारायचं?

गोर्नमानने एकच वाक्य जास्त शिकवायला हवं होतं. समोरच्याला काही दुखतंय असं दिसलं, तर मात्र विचार.

आपली मुलं आता घरी आपल्याकडूनच शिकतायत. त्यांना हे वाक्य आपण सांगतो का, जरा आठवून बघा.

भेटू पुढच्या वेळी.