ओळ, ओल आणि सुरण

गेल्या वर्षी भारतीय भाषांतल्या अनुवादकांच्या एका ऑनलाइन समूहात मी दाखल झाले. पहिलाच रकाना: सभासदनाम निवडा. मी 'ओळ' असे लिहिले. अनुवादकाच्या हाती शेवटी तेवढीच तर असते. अर्ध्या तासात व्यवस्था पाहणाऱ्या बाईंचा निरोप आला की नाव रोमन लिपीत घ्यावे, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. मी निमूटपणे 'ओ' आणि 'एल' ही दोन इंग्रजी अक्षरे टाकली. उत्तर आले, हे नाव आधीच कुणीतरी घेतले आहे. मग पुढे सातचा आकडा जोडून आत शिरले. सातच का, ते मलाही ठाऊक नाही.

पहिल्याच आठवड्यात कोलकात्याच्या एका सहकाऱ्याने विचारले, "दिदी, आपल्याकडे दोन-दोन सुरण कसे?" बंगालीत 'ओल' म्हणजे सुरण. एका तरुण मराठी कवीने नाव 'ओल' असेच वाचले आणि पहिल्या पावसातल्या मातीवर चार सुरेख वाक्ये लिहून पाठवली. ती दुरुस्त करायचा मला धीर झाला नाही. आणि ज्यांनी ते नाव माझ्याआधी घेतले होते, त्या निघाल्या संताळी अनुवादक. त्यांचा उच्चार आपल्या 'ऑ'कडे झुकणारा, आणि अर्थ 'लेखन'. ओल चिकी या लिपीच्या नावातला तो हाच शब्द. रोमन, बंगाली, ओडिया, देवनागरी अशा उसन्या लिप्यांत विखुरलेल्या आपल्या भाषेला स्वतःची अक्षरे असावीत म्हणून पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली ती लिपी घडवली. त्या लिपीत लिहिणाऱ्या बाईला 'लेखन' हे नाव घ्यायचे, तर तेही रोमन अक्षरांत घ्यावे लागले.

'सगळ्यांना वाचता येईल' या युक्तिवादाची ही कमाई. नाव सगळ्यांच्या डोळ्यांना दिसले, पण मला जे म्हणायचे होते ते एकालाही वाचता आले नाही.

हे एका 'ळ'चे रडगाणे नव्हे. 'के-ए-एल-आय' ही चार इंग्रजी अक्षरे घ्या. ती कळी आहे, काळी आहे, काली आहे की कली? बाण आणि बान, वाट आणि वात, डाळ आणि दाल यांच्यात रोमन लिपी भेद करत नाही. विद्वानांच्या लेखनात अक्षरांखाली टिंबे देऊन तो केला जातो, पण नावाच्या रकान्यात टिंबांना प्रवेश नसतो. ज्या लोकांचा धंदाच एका शब्दाऐवजी दुसरा आला तर काय हरवते हे सांगण्याचा, त्यांनी आपल्या नावाच्या बाबतीत 'अहो, लॉगिन तर आहे' म्हणून हात झटकावेत, याचा मला राग आहे.

लॉगिन तर आहे? मराठी कवितेला विचारा. कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले आणि विष्णु वामन शिरवाडकर 'कुसुमाग्रज', ते दप्तरी सोयीसाठी नव्हे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेपुरते 'आरती प्रभू' हे नाव घेतले. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला, आणि या बाई कोण यावर महाराष्ट्र कितीतरी दिवस तापला. मागे उभ्या असलेल्या लेखिकेला लिहिता आले ते त्या नावामुळे. माणिक गोडघाटे यांनी तर सरळ इंग्रजी शब्द उचलला, पण 'ग्रेस' असा नागरीत लिहिला आणि तो मराठी झाला. ना. मु. गुप्त्यांच्या 'बी'मध्ये बीज वाचा, मधमाशी वाचा नाहीतर इंग्रजीतले दुसरे अक्षर. नागरीत ते सगळे एकत्र नांदते. घेतलेले नाव ही लेखकाची सर्वांत छोटी कृती असते. आम्ही तिचे लिप्यंतर करून मगच आत येतो.

यंत्राला दोष देण्याची सोय आहे, आणि काही ठिकाणी तो खराही आहे. युनिकोडच्या वर्गवारीत 'क' हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार यांची नोंद 'चिन्ह' अशी होते. त्यामुळे 'फक्त अक्षरे चालतील' असा नियम एखाद्या प्रोग्रामरने सहज लिहिला, की 'कमल' आत जाते आणि 'मीरा' दारात अडते. पण आमच्या समूहातली यंत्रणा माझा 'ओळ' मुकाट्याने घेत होती. विकिपीडियावर लोक वर्षानुवर्षे देवनागरी सदस्यनावे वापरत आहेत, आणि '.भारत' हा पत्ता २०१४ पासून मिळतो. रोमनचा नियम केला तो माणसांनी, तेही साहित्यातल्या माणसांनी.

सुरक्षिततेचा मुद्दाही पुढे आला. दिसायला सारखी अक्षरे वापरून कुणी दुसऱ्याचे सोंग घेईल, म्हणे. भीती खरी आहे. रशियन लिपीतला 'ए' इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो. त्यावर तोडगाही माहीत आहे: एका नावात दोन लिप्या मिसळू देऊ नयेत. तसे पाहिले तर रोमनमधला मोठा 'आय' आणि छोटा 'एल' अनेक टायपांत जुळ्या भावंडांसारखे असतात. त्यासाठी रोमनवर बंदी घालायचे कुणाला सुचत नाही.

मात्र एक आक्षेप मला मुकाट्याने ऐकावा लागला, आणि तो गोव्याहून आला. रोमी कोंकणीतून अनुवाद करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिले, "बाई, तुम्हाला रोमन परकी वाटते. आमची पुस्तके, नाटके, प्रार्थना रोमीत आहेत, आणि १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असे ठरवले. तुमच्या नागरीखाली आम्ही दबलो, त्याचे काय?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मिझो आणि खासी लिहिणाऱ्यांसाठीही रोमन हीच घरची लिपी आहे. रोमनऐवजी देवनागरी सगळ्यांच्या माथी मारा, अशी माझी मागणी असती तर मी याच क्षणी ती मागे घेतली असती.

मागणी तेवढी मोठी नाही. ज्याने त्याने आपल्या अक्षरांत नाव घ्यावे, आणि हवे तर खाली लहान टायपात उच्चाराची रोमन ओळ द्यावी. वाचता न येणारे नाव समोर आले तर विचारावे. सुरणाच्या निमित्ताने मला जेवढी संताळी कळली, तेवढी वीस वर्षांच्या अनुवादकीत कळली नव्हती.

संताळी बाई, गोव्याचे गृहस्थ आणि मी असा तिघांनी मिळून तीन लिप्यांत अर्ज केला. उत्तर इंग्रजीत आले: विषय विचाराधीन आहे, तोवर अर्जाची रोमन प्रत पाठवावी.