मधातला काटा

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर गेल्या वर्षी एक जास्तीचा काटा बसवला. इंजिनातल्या ऑइलचं तापमान दाखवणारा. बीबीत ही बातमी चहाच्या टपरीवर पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. "कंपनीले जे सुचलं नाही ते तुम्हाले सुचलं का?" असं एकाने विचारलंच. मी हसून घेतलं, पण प्रश्न काही वाईट नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याची डिझेल पिकअप मालाच्या भाड्यावर चालते, त्याने हा काटा जरूर बसवावा. ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला म्हणून नाही, स्वतःवर ठेवायला.

त्याचं झालं असं. त्याच्या आदल्या मे महिन्यात कांदा भरून गाडी नागपूरला निघाली. चालवायला माझा पुतण्या. मेहकरहून समृद्धी महामार्गाला लागला आणि कारंजा ओलांडल्यावर थोड्याच वेळात इंजिन बसलं. बेरिंग गेलं, क्रँक गेला, कांदा दुसऱ्या गाडीत टाकावा लागला. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, घरचे लोक वाचतात! पोरगा घरी आला तेव्हा मी त्याला चार लोकांसमोर नको ते बोललो. गाडी तापत होती आणि तुझं लक्ष मोबाइलमध्ये होतं, असंसुद्धा म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "काका, काटा मधातच होता." मला ती थाप वाटली.

ती थाप नव्हती, हे कळायला वर्ष गेलं.

डॅशबोर्डवर जो तापमानाचा काटा असतो तो पाण्याचा, म्हणजे कूलंटचा. कूलंटला थर्मोस्टॅट असतो, तो साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि पुढे रेडिएटर आणि पंखा मिळून पाणी ताब्यात ठेवतात. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी काही अंश वर-खाली झालं तरी तो मधोमधच राहतो. काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून ही सोय. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता दिवा. ऑइलचा लाल दिवाही दाब अगदीच पडला की लागतो. तो लागेपर्यंत बेरिंगचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ऑइल मात्र जिथे पाणी पोचत नाही तिथे जातं. क्रँकच्या बेरिंगमध्ये, पिस्टनच्या खालच्या अंगाला, टर्बोच्या दांड्यावर. वजन वाढलं, वेग वाढला की त्याचा ताप आधी ऑइलला कळतो. भरलेल्या गाडीत ९० ते ११० अंश ठीक. १२० च्या वर सतत राहिलं तर सावध व्हावं, आणि १३० नंतर साधं ऑइल फार पातळ होतं आणि लवकर जळतं. दर दहा अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

पूर्वी हे काटे असायचे. महिंद्रांनी मुंबईत ज्या विलीस जीपा जुळवायला सुरुवात केली, त्यांच्या डॅशवर पाण्याच्या तापमानाबरोबर ऑइलच्या दाबाचाही काटा होता. आताच्या गाड्या जास्त चांगल्या आहेत, वाद नाही. पण त्या कागदावर लिहिलेल्या वजनासाठी बनवलेल्या आहेत. कागदावरचं वजन आपण किती पाळतो ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि रस्ताही बदलला. जुन्या रस्त्यावर सुलतानपूर, मेहकर, दर गावाला गतिरोधक, गुरं, एसटी. इंजिनाला आपोआप उसंत मिळायची. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ती उसंत गेली. मालगाडीला तिथे ८० ची मर्यादा. मे महिन्याच्या दुपारी, भरल्या गाडीने, तास-दीड तास न थांबता ८०. रस्ता नवा, गाडी तीच, आणि वजन भरणारा मीही तोच.

काटा बसवणं अवघड नाही. मिस्त्रीने चेंबरचा ड्रेन नट काढून त्या जागी सेन्सर असलेला नट लावला, तांब्याचा नवा वॉशर टाकला, वायर सायलेन्सरपासून लांबून घेतली आणि फ्यूज लावूनच करंट दिला. फ्यूज विसरू नका, नाहीतर काट्यापायी गाडी पेटायची. नट खाली लोंबतो, म्हणून शेतातल्या वाटेवर दगडाला जपावं लागतं.

पहिल्या भरल्या फेरीला मी मुद्दाम शेजारी बसलो. वजन नेहमीसारखं, म्हणजे नेहमीसारखंच जास्त. पाण्याचा काटा मधात. नवा काटा १०५, ११५, १२२, १२६. पुतण्या काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "साठ-पासष्टवर घे." पंधरा-वीस मिनिटांत ११२ वर आला. तेवढ्या वेळात मला सगळं आठवलं. कांद्याचे कट्टे वर चढवा म्हणणारा मी. ऑइल बदलायची वेळ उलटून गेली होती, तेव्हा "एवढी एक फेरी होऊ दे" म्हणणाराही मीच. गाडी त्याच्या हातात होती, पण इंजिन बसवलं मी.

पुढच्या ढाब्यावर त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काका, चहा घ्या." चार लोकांसमोर बोललो होतो, माफी मात्र दोघांतच मागितली. ती बाकी राहिली होती, म्हणून आज इथे लिहिली.

काटा ऑइल थंड करत नाही, हे कबूल. "मंग मी रस्ता पाहू का काटा पाहू?" हा पुतण्याचा सवालही खरा आहे. रस्ताच पाहायचा. काटा दर दहा मिनिटांनी एकदा पुरे. आता आम्ही कट्टे कमी भरतो, त्यामुळे फेरीला पैसे कमी सुटतात, व्यापारी कुरकुरतो. पण गाडी संध्याकाळी घरी येते आणि पोरगा मान वर करून येतो.

असो. मालक लोकहो, एकदा भर उन्हात भरल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून पाहा.