बंदूक बिघडलेली नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही रागात. आधीच माफी मागून ठेवतो. नातेवाईक मंडळींपैकी निम्मे जण हे वाचतात आणि राग त्यातल्या बहुतेकांवरच आहे.

तर झालं असं. दिवाळीत भिवापूरला गेलो होतो. दादाच्या मुलानं, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्यानं, माळ्यावरून एक खोकं ओढून काढलं. आत आमचा व्हिडिओ गेम. 1996 साली मिरचीचे पैसे हातात आल्यावर बाबांनी सीताबर्डीवरून आणलेला. (भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा नुसता ठसका होता.) दोन रिमोट, चार कॅसेटी आणि एक बंदूक. दादा जाऊन चार वर्षं झाली. त्या बंदुकीच्या दस्त्यावर त्यानं कंपासपेटीतल्या कर्कटकानं कोरलेलं नाव अजून वाचता येतं.

पोरगं हट्टाला पेटलं. बैठकीत नवा 43 इंची टीव्ही आहे. त्याला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकं नाहीतच, हेडफोनचं असतं तसं एकच बारीक भोक आहे. त्याची जोडवायर खोक्यात येत नाही. उमरेडहून एक आणली, तर चित्राच्या जागी नुसती घरघर! या वायरींमधे कुठल्या पट्टीवर चित्र, कुठल्या पट्टीवर आवाज आणि कुठल्या पट्टीवर अर्थिंग, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं ठरवलंय. दुसरी वायर लागली. चित्र आलं, पण आडवं ताणलेलं, मारिओ लग्नानंतरच्या मामासारखा सुटलेला. तेही चालवून घेतलं.

मग बदकांची कॅसेट लावली. पोरानं नेम धरला, चाप ओढला. बदक उडून गेलं. दुसरं, तिसरं, दहावं... एक पडेना. तो कुत्रा दर वेळी झुडपातून वर येऊन हसतो, हे ज्यांनी खेळलंय त्यांना आठवत असेल. अर्ध्या तासानं पोरानं विचारलं, "काका, बाबाची बंदूक खराब हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून भाऊजी म्हणाले, "अबे जुनी झाली ते आता. टाक भंगारात." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून मुद्दाम लिहितो. बंदूक खराब नाही. तुम्ही त्या पोराला खोटं सांगितलंत.

ती बंदूक काही सोडत नाही, ती बघते. नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला काळ्यानंतर पांढरं दिसलं की बदक पडलं. हा सगळा हिशोब जुन्या काचेच्या टीव्हीवर बेतलेला आहे, कारण तिथे सिग्नल येतो त्याच क्षणी शलाका पडद्यावर रेघ ओढते. नवा टीव्ही तसं करत नाही. तो अख्खं चित्र आधी गोळा करतो, ताणतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 50 वेळा चित्र येतं. टीव्ही पाच चित्रं मागे राहिला तर सेकंदाचा दहावा भाग गेला. बंदुकीनं बघितलं तेव्हा पांढरा चौकोन पडद्यावर आलेलाच नव्हता. मग चूक कुणाची?

दुसरी गोष्ट तर याहून चीड आणणारी आहे. दूरदर्शनचं चित्र 625 रेघांचं, ते दोन हप्त्यांत यायचं, एकदा विषम रेघा आणि एकदा सम. 1983 साली जपानात आलेलं मूळ मशीन आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्याच्या नकला यांनी एक युक्ती केली. दोन हप्ते करायचेच नाहीत, निम्म्याच रेघा दर वेळी त्याच जागी काढायच्या. काचेच्या टीव्हीनं ते मुकाट्यानं दाखवलं. नवा टीव्ही मात्र गृहीत धरतो की हे हप्तेच आहेत आणि दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणून ठेवतो. मार खाल्ल्यावर लुकलुकणारा मारिओ मग कधी कंगव्यासारखा दिसतो, कधी दिसतच नाही.

आपली छोटी लाइन आठवते? इतवारी ते नागभीड. 2019च्या नोव्हेंबरात मोठी करायला म्हणून बंद झाली. तेव्हा कुणी म्हटलं का, की इंजिन बिघडलं? रूळ बदलणार म्हणून गाडी थांबली, हे भिवापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं. टीव्हीच्या बाबतीत एवढी साधी गोष्ट का कळू नये?

जुन्या काळाचे गोडवे गात बसणार नाही. काचेचा टीव्ही वीज खातो, उचलताना कंबर मोडतो. आणि तेव्हा सगळं सगळ्याला जुळायचं असंही नाही. मावसभावानं अमेरिकेतून आणलेला गेम आमच्या टीव्हीवर काळापांढरा दिसायचा आणि वर सरकत राहायचा, कारण तो त्यांच्या एनटीएससीचा. (त्याआधी 110 व्होल्टचा अडॅप्टर आपल्या विजेवर जाळून झाला होता, ते वेगळंच.) आजचे टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतात, हे मान्य. पण मग ज्या यंत्राला एवढं कळतं, त्याला निम्म्या रेघांचं चित्र ओळखणं जड जावं? फिनलंडच्या मार्कुस हिएनकारीनं ओएसएससी नावाची डबी केली, तिचा आराखडाही सगळ्यांसाठी खुला ठेवला. ती चित्र साठवून न ठेवता रेघा दुप्पट करते, त्यामुळे उशीर जवळपास नाहीच. एका माणसाला सुचलं ते कारखान्यांना सुचत नाही असं नाही. त्यांना गरज वाटत नाही, कारण आपण "जुनं झालं" म्हणून गप्प बसतो.

(आमच्या गेमला ती डबी चालत नाही. तिला रंग वेगवेगळ्या तारांतून लागतात, आमच्याकडे एकच पिवळी तार. असो.)

बाजारात स्वस्त डब्या मिळतात, पिवळ्या पिनेतून एचडीएमआय करणाऱ्या. घेणार असाल तर बाण बघून घ्या, उलट्या दिशेची डबी अगदी तशीच दिसते. मी आधी तीच आणली :-) पण सरळ डबीनंही बदक पडत नाही, उशीर आहे तिथेच आहे. आणि "मोबाइलवर फुकट मिळतो की" म्हणणाऱ्यांनो, मोबाइलला बंदूक कुठे लावू? कॅमेऱ्याच्या नव्या बंदुका निघाल्यात, त्या संगणकाला जोडायच्या. दस्त्यावर कोरलेलं नाव त्यांच्यावर नाही.

भाऊबीजेच्या रात्री मी मागच्या खोलीतला 21 इंची टीव्ही पुसून लावला. पहिल्या चापाला बदक पडलं. पोरगं काही बोललं नाही. बंदूक उलटी करून नाव बघितलं आणि पुन्हा नेम धरला. कुत्रा त्या रात्री हसला नाही, बदकं धरून वर येत राहिला.

आणि परवा घरच्या ग्रुपवर निरोप येतो : रविवारी भंगारवाला येतोय, मागचा टीव्ही देऊन टाकू. भंगारवाला स्वतः म्हणाला म्हणे, "याले कोन घेते भाऊ, तांबं काढून काच फेकाच लागते." त्या काचेत शिसं असतं, ती कुठे फेकणार हे कुणी विचारलं का?

वहिनी, टीव्ही द्यायचा नाही. खोली रंगवायची असेल तर दोघांनी धरून ओसरीत ठेवा, काच अंगाच्या बाजूला घेऊन, सगळं वजन तिथेच असतं. वर मिरचीचं पोतं ठेवू नका. मी शनिवारी सकाळच्या बसनं येतोय. भंगारवाल्याला रद्दी द्या.