नाव नव्हे, क्रमांक

पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यातील मुलांनी जुनी आणि नवी मतदारयादी जावास्क्रिप्टमध्ये ताडून पाहिली. नव्या नावांचा सेट केला, जुन्यांना फिल्टर लावला. सेटमध्ये नाही तो गळाला! यादी लांबलचक निघाली, लोक घाबरले. पाहतो तर ‘मोहम्मद’चा ‘मुहम्मद’ झालेला, कुणाचा ‘शेख’ पुढून मागे गेलेला. यंत्राला एक मात्रा बदलली की माणूसच दुसरा. माझे मत स्पष्ट आहे : तुलना नावावर नको, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावर करा, तीही सगळ्या यादीभागांत. मग जे उरतील त्यांचे दार ठोठवा. मयत, स्थलांतरित की हयात असून वगळलेला, हे कोड सांगत नाही. वगळलेल्याचा नमुना ६ तिथेच भरून घ्या.