भिंतींना निधी, वर्गाला ठेंगा!



आपल्या भागात एखादे सभागृह बांधायचे म्हटले, की पैशाचे मार्ग लगेच दिसू लागतात. खासदार निधी आहे, आमदार निधी आहे, नगर निगम आहे. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पण त्याच सभागृहात संध्याकाळी सहा वाजता पंचवीस मुलांना बसवून मराठी वाचन, लेखन आणि थोडे गणित शिकवायचे आहे, शिकविणाऱ्या बाईंना महिन्याचे मानधन द्यायचे आहे, असे सांगून पाहा. "अशी योजना नाही," हे उत्तर ठरलेले!

यात कोणाची वैयक्तिक खोट नाही, नियमच तसे आहेत. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो, पण तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे. दर महिन्याला होणारा खर्च, म्हणजे मानधन, पुस्तके, वीज, त्यात बसत नाही. ठीक आहे. मग जो खर्च त्यात बसत नाही तो कोणत्या योजनेत बसतो, हे सांगण्याची जबाबदारी कोणाची? आमचा सवाल एवढाच आहे, आणि तो आम्ही भोपाळला, मुंबईला व दिल्लीला, तिन्ही ठिकाणी विचारणार आहोत.

शाळा सुटल्यानंतरच का?

मध्यप्रदेश बनला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३५० क आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे ते कलम सांगते. 'स्थानिक प्राधिकरण' हे शब्द पुन्हा वाचा. म्हणजे केवळ भोपाळ नव्हे, आपले इंदूर नगर निगमसुद्धा! त्याआधी १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मोजमापही ठरवून दिले होते : शाळेत अशी ४० मुले असतील किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक नेमावा.

कागदावर सगळे उत्तम आहे. प्रत्यक्षात काय होते ते सुदामा नगरच्या कोणत्याही कोपऱ्यावर सकाळी उभे राहिले की कळते. एकाच गल्लीतील मराठी मुले वेगवेगळ्या रंगांच्या बसमध्ये चढतात आणि शहराच्या वेगवेगळ्या टोकांना जातात. एका शाळेच्या एका वर्गात दहा मराठी मुले सापडणार कशी? २०११च्या जनगणनेनुसार या राज्यात मराठी मातृभाषा असणारे सुमारे १२ लाख लोक आहेत, पण शाळेच्या हजेरीपटावर ते दोन-दोन, तीन-तीन असे विखुरलेले. दहाचा आकडा भरत नाही, म्हणून शिक्षक नाही. शिक्षक नाही, म्हणून तिसरी भाषा निवडताना पालक मराठीचा विचारच सोडून देतात. मग 'मागणीच नाही' असा शेरा मारायला कार्यालये मोकळी.

ही दहा मुले एकत्र येतात ती संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, आपल्या कॉलनीत. म्हणून शाळेबाहेरचा वर्ग हा आमच्या दृष्टीने हौसेचा भाग नाही. संविधानाने जी सोय करायला सांगितली आहे ती आजच्या शहरात जिथे प्रत्यक्ष होऊ शकते, अशी ती जवळजवळ एकच जागा आहे. शासनाला ३५० क खरोखर पाळायचे असेल, तर अनुदान या वर्गाला दिले पाहिजे.

आणि हा वर्ग केवळ 'अ आ इ ई'चा नको. शाळेत गणिताचा शाब्दिक प्रश्न न कळणारे मूल तोच प्रश्न घरच्या भाषेत समजून घेते, हे ज्या आजोबांनी नातवाला गृहपाठ करून दिला आहे त्यांना कोणी वेगळे सांगायला नको. २०२०चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरते. त्याच धोरणात असेही आहे, की शाळांच्या इमारती शाळेच्या वेळेनंतर समाजाच्या कामासाठी, 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून, वापराव्यात. म्हणजे इमारत आहे, धोरण आहे, मुले आहेत, शिकवायला तयार निवृत्त शिक्षिका आहेत. नाही ते मानधन, आणि नाही ती संध्याकाळची किल्ली!

दोन राजधान्यांच्या मधला चेंडू

भोपाळला विचारावे तर तिथे संस्कृती विभागाची मराठी साहित्य अकादमी आहे. व्याख्याने, नाट्यप्रयोग, साहित्यिक कार्यक्रम ती करते, त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. पण कार्यक्रम एका संध्याकाळी संपतो, वर्ग वर्षभर चालतो. मुंबईला विचारावे तर तिथे राज्य मराठी विकास संस्था १९९२ पासून आहे, स्वतंत्र मराठी भाषा विभाग २०१० पासून आहे. तिकडून ऐकू येते, 'तुम्ही मध्यप्रदेशचे नागरिक.' इकडे ऐकू येते, 'तुमचे राज्य महाराष्ट्र.' होळकरांच्या काळापासून सात-आठ पिढ्या माळव्यात काढलेल्या घरांना हे ऐकवले जाते! ज्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, त्या इंदुरातील मुलांना मराठी वाचता यावे ही जबाबदारी मात्र दोघांचीही नाही.

दिल्लीचेही पाहू. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, आनंद आम्हालाही झाला. या दर्जासोबत विद्वानांसाठी पुरस्कार येतात, अभ्यासाचे उत्कृष्टता केंद्र येते, विद्यापीठांत अध्यासने येतात. उत्तम! पण सुदामा नगरातल्या नऊ वर्षांच्या मुलापर्यंत यातले काय पोहोचते? ज्या भाषेचे अध्यासन आहे पण वाचणारे मूल नाही, त्या भाषेचे पुढे काय होते हे पाली-प्राकृतला विचारावे. त्यांनाही त्याच दिवशी हाच दर्जा मिळाला.

इतरांनी केले, ते आम्हाला का नाही?

आपले शेजारी सिंधी बांधव पाहा. त्यांच्या भाषेला स्वतःचे राज्य नाही. १९६७ साली ती आठव्या अनुसूचीत आली, १९९४ साली केंद्राने राष्ट्रीय सिंधी भाषा संवर्धन परिषद स्थापन केली, आणि ही परिषद स्वयंसेवी संस्थांच्या मार्फत सिंधी शिकविणारे वर्ग चालविते. प्रमाणपत्र, पदविका अशा पायऱ्या आहेत. आमच्या मनात यत्किंचितही असूया नाही. उलट आम्ही म्हणतो, रस्ता आहे हे त्यांनी दाखवून दिले.

'त्यांना राज्य नाही म्हणून केंद्र देते' असे कोणी म्हणेल. मग केरळ पाहा. केरळ सरकारने २००९ साली मल्याळम मिशन सुरू केले. केरळबाहेर व परदेशात राहणाऱ्या मल्याळी मुलांसाठी कणिक्कोन्ना, सूर्यकांती, आंबल आणि नीलकुरिंजी असे चार टप्प्यांचे अभ्यासक्रम आखले, नावे आपल्या मातीतल्या फुलांची दिली. चारही टप्पे मिळून दहा वर्षांचे शिक्षण होते. स्थानिक मल्याळी मंडळे वर्ग भरवितात, अभ्यासक्रम व परीक्षा सरकारची. केरळला जे जमले ते त्याहून कितीतरी मोठ्या महाराष्ट्राला का जमू नये?

महाराष्ट्र शासन खर्च करीत नाही असे नाही. साहित्य संमेलनाचे अनुदान ५० लाखांवरून २ कोटींवर नेले गेले. २०२३ पासून विश्व मराठी संमेलनेही भरली. आम्ही संमेलनाच्या विरोधात नाही, इंदूरकर तर मुळीच नाहीत. पण जरा साधा हिशेब करू. आठवड्यातून तीन संध्याकाळी भरणारा पंचवीस मुलांचा एक वर्ग धरा. दोन शिक्षिकांना दरमहा प्रत्येकी ६,००० रुपये मानधन, दहा महिने : १,२०,००० रुपये. पुस्तके व वह्या, मुलामागे ५०० रुपये : १२,५००. वीज व साफसफाई : १५,०००. परीक्षा व किरकोळ : २,५००. एकूण दीड लाख रुपये, तेही पूर्ण वर्षाचे! तीन दिवसांच्या संमेलनाच्या २ कोटींत असे १३३ वर्ग वर्षभर चालतील. संमेलनाचा एक पैसाही कापू नका. त्याच्या शेजारी वर्गांसाठी एक ओळ अर्थसंकल्पात लिहा, एवढीच आमची विनंती.

'हात कशाला पसरायचा?'

आपल्याच काही मान्यवरांचा आक्षेप आहे, की मराठी माणसाने सरकारपुढे हात पसरू नये, आपल्या मुलांसाठी आपण वर्गणी काढू. हा स्वाभिमान दिसायला छान आहे. पण वर्गणीचा वर्ग उत्साही कार्यकर्ता असेपर्यंत चालतो. त्याची बदली झाली, प्रकृती बिघडली, की वर्ग बंद. शिवाय आपण कर भरतो, आणि संविधानाने सांगितलेली सोय मागणे म्हणजे भीक नव्हे. सभागृहाच्या निधीसाठी अर्ज करताना जो स्वाभिमान आड येत नाही, तो वर्गाच्या वेळीच का जागा होतो?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : सरकारी पैसा आज येईल, उद्या थांबेल. खरे आहे. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत त्यांनी तिथले ताजे उदाहरण ऐकले असेल. तिथे शाळा सुटल्यानंतरच्या अभ्यासवर्गांसाठी 'एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षण केंद्रे' नावाची केंद्रीय योजना आहे. १९९४च्या कायद्याने ती आली, २००१च्या कायद्यानंतर राज्यांमार्फत पैसा वाटला जाऊ लागला, आणि शाळांबरोबर स्थानिक संस्थाही अर्ज करू शकतात. वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने हा पैसा रोखून धरला. पालक, शाळा आणि दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी ओरडले, आणि त्याच महिन्यात तो सोडावा लागला. यातून आम्ही हे घेतो, की योजना कायद्यात लिहिलेली असेल आणि पालक जागे असतील, तर थांबलेला पैसाही परत येतो. जी योजनाच नाही तिच्यासाठी ओरडणार तरी कोण?

दार सर्वांना उघडे हवे

आता एक गोष्ट आपल्याच मंडळींना. पैसा जनतेचा असेल तर वर्गाचे दारही जनतेला उघडे असले पाहिजे. 'आपली मुले' म्हणजे केवळ जुन्या घराण्यांची, सरदार-कारकुनांच्या वंशजांची मुले नव्हेत. खानदेश-विदर्भातून मजुरीसाठी आलेल्या, आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूलही घरी मराठीच बोलते. किंबहुना त्याला कोचिंग परवडत नाही, म्हणून संध्याकाळच्या वर्गाची खरी गरज त्यालाच आहे. ते मूल आपल्या नातवाच्या शेजारी सतरंजीवर बसणार असेल, तरच अनुदान मागण्याचा नैतिक अधिकार राहतो. शेजारच्या माळवी किंवा सिंधी घरातील मुलाला मराठी शिकावेसे वाटले तर त्याचेही स्वागत.

हिशेबही चोख हवा. संस्थेची नोंदणी, दरवर्षीचे अंकेक्षण, दर्पण पोर्टलवरील नोंद, मुलांचा रोजचा हजेरीपट, मानधन थेट खात्यात आणि वर्ष संपताच उपयोगिता प्रमाणपत्र. ज्या संस्थेला हे कटकटीचे वाटते तिने अर्ज करू नये. अनुदान मार्चअखेरीस यावे आणि शाल-श्रीफळात, स्मरणिकेत संपावे, हा प्रकार वर्गाच्या बाबतीत आम्ही खपवून घेणार नाही.

आमच्या मागण्या

एक : इंदूर नगर निगम व राज्य शिक्षण विभागाने सरकारी शाळांच्या खोल्या संध्याकाळी दोन तास मातृभाषेच्या वर्गांना विनाशुल्क द्याव्यात. दोन : राज्य शासनाने मराठीसह सर्व अल्पसंख्य भाषांच्या शाळाबाह्य वर्गांसाठी मानधन-अनुदानाची कायम योजना करावी, आणि दहा मुलांची अट शाळेऐवजी वस्तीवर मोजावी. तीन : महाराष्ट्र शासनाने बृहन्महाराष्ट्रातील मुलांसाठी टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम, पुस्तके व परीक्षा द्यावी. चार : अभिजात दर्जाच्या निधीचा काही भाग केंद्राने मुलांच्या वाचनासाठी राखून ठेवावा.

या मागण्यांचे निवेदन मंडळाच्या कार्यालयात सह्यांसाठी ठेवले आहे. सही करताना आपल्या घरातील पाच ते चौदा वर्षांच्या मुलांची संख्या अवश्य लिहा, कारण 'मागणी नाही' या शेऱ्याला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. यापुढे आपल्या व्यासपीठावर मते मागायला जो कोणी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, पार्षद असो वा खासदार, त्याचे हारतुऱ्यांनी स्वागत करण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारा : वर्गासाठी काय देणार? उत्तर लेखी घ्या, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत जपून ठेवा.